कोरड्या डांबराचा आकडा

उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की मी अर्धा मार्क कापते. कागदावर तारीख नसली तरी कापते. सौंसरच्या मुलींच्या शाळेत मी भौतिकी शिकवते, आणि माझ्या लाल पेनाला मुली जितक्या भितात तितक्या घरी बापालाही भीत नसतील. नागपूरहून एम.एस्सी. करून इकडे सून म्हणून आलेली मी एकटीच. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी लाज आहे. लाजेची गोष्ट सांगायला बसलं की माणूस आधी स्वतःचं थोडं कौतुक करून घेतो. मीही घेतलं.

गोष्ट त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. आमचं शेत बोरगावच्या रस्त्याला लागून आहे आणि ते माझे धाकटे दीर, दत्तात्रय, बघतात. तुरी कापून झाल्या की आमच्याकडे खळ्यात कोणी बैल फिरवत बसत नाही. पेंढ्या सरळ डांबरी रस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या त्यावरून जातात, शेंगा फुटतात, संध्याकाळी झाडून कुटार, म्हणजे भुसकट, उडवलं की दाणे वेगळे. ड्रायव्हर शिव्या देतात आणि तरी वरून जातातच. सगळा मुलूख हेच करतो, त्यामुळे यात काही चूक आहे असं कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

त्या रविवारी आम्ही शेतावर होतो. दत्तूभाऊजी चहा पिता पिता कुरकुरत होते.

"वहिनी, गाड्या सरळ रोडवर सन्नाट जातात. शेंगा उडून बाजूले पडून राहिल्या. फुटतच नाही."

मी कप खाली ठेवला. शिकवायची संधी मी कधी सोडत नाही.

"तुम्ही सरळ रस्त्यावर पसरता म्हणून. मोरीच्या अलीकडे, वळणावर पसरा. तिथे प्रत्येक ड्रायव्हर ब्रेक मारतो. ब्रेक मारला की चाक नुसतं फिरत नाही, रस्त्याला घासतं. घासलं की शेंग फुटणारच."

भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "वा वहिनी! शिकल्याचा फायदा हाय बाप्पा!"

माझ्या स्वयंपाकाला त्या घरात कधी एवढी दाद मिळाली नव्हती. मी दिवसभर खुशीत होते.

मंगळवारी दुपारी त्याच वळणावर भैय्याजींची मेटाडोर घसरली. भैय्याजी म्हणजे आमच्या गावचे संत्र्याचे व्यापारी. गाडी आठ महिन्यांची, नवी कोरी, लोधीखेड्याकडच्या बागेतून संत्री भरून येत होती. चालवत होता त्यांचा ड्रायव्हर वामन. वामननं मोरी दिसल्यावर ब्रेक मारला, चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी मात्र पुढे सरकत गेली. रस्त्याच्या कडेला येईपर्यंत तिचा जोर संपला होता, पण पुढचं चाक काठावरून उतरलं आणि गाडी सावकाश नालीत कलंडली. वामनच्या कपाळाला चार टाके पडले. संत्री नालीतून मोरीखाली वाहत गेली.

वामनचं म्हणणं एकच होतं. गाडी पस्तीसच्या वर नव्हती, रोडवर तुरी होत्या, चाकानं रोड धरलाच नाही. पण भैय्याजी तिथे पोचले तेव्हा रस्ता झाडून लख्ख झाला होता. दत्तूभाऊजी शेताच्या धुऱ्यावर उभे होते. त्यांनी सांगितलं की तुरी तर आम्ही सकाळीच उचलल्या.

गुरुवारी भैय्याजी शाळेत आले. मोठ्या बहनजींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत मला बोलावणं आलं.

"नलिनी बहनजी, तुमचं सायन्स म्हणे चाकाच्या निशाणावरून स्पीड सांगते. सांगा बरं, हा वामन खरं बोलून राहिला का झूट."

गाडी मोरीच्या वळणावर घसरली हे मी मंगळवारीच ऐकलं होतं. तुरी कोणाच्या, त्या तिथे कोणाच्या सांगण्यावरून आल्या, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी नाही म्हणू शकले असते. "हे शाळेचं काम नाही" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि एरवी हे वाक्य माझ्या तोंडी अगदी तयार असतं. पण मोठ्या बहनजी कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या नलिनी बहनजी लगेच काढून देतील." मी खेळाच्या बहनजींकडून लांब उडीचा टेप मागून घेतला.

अकरावीच्या मुलींना मी बरोबर घेतलं. पाठ्यपुस्तकातला धडा रस्त्यावर दाखवावा, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे एकटीनं त्या वळणावर जायची माझी हिंमत नव्हती.

त्या वर्गात मंगला होती. वामनची मुलगी. वर्गात पहिली यायची आणि माझ्याकडे तिचा अर्धा मार्कही कधी कापला गेला नव्हता. मी तिला म्हटलं, "तू वर्गात थांब, मंगला."

"नाही बहनजी, मी येतो," ती म्हणाली. मग हळूच पुढे म्हणाली, "गणितानं निघनच ना. बाबा खरं बोलून राहिले."

टेपचं शून्याचं टोक तिनंच धरलं.

मी दुसऱ्या टोकाला वाकले. चाक कोरड्या डांबरावर घासलं की रबराची काळी रेघ उठते. ही रेघ काळी नव्हती. तपकिरी होती, तेलकट, मध्ये मध्ये पिवळट हिरवी. खडीच्या फटीत कुटार दबून बसलं होतं आणि अंगठ्याएवढ्या खळग्यात तीन तुरीचे दाणे होते. मी ते तीन दाणे पाहिले. मोजलेसुद्धा. मग सरळ उभी राहिले आणि पदर सारखा केला.

"किती?" मी विचारलं.

"वीस मीटर, बहनजी."

मोरीच्या कठड्यावर मी खडूनं गणित मांडलं. गाडी थांबेपर्यंत किती घसरली ते माहीत असेल आणि रस्ता चाकाला किती धरतो ते माहीत असेल, तर सुरुवातीचा वेग निघतो. रस्ता किती धरतो याला आम्ही घर्षण गुणांक म्हणतो. पुस्तकात कोरड्या डांबराचा आकडा दिलेला असतो, शून्य दशांश सात. मी तो घेतला. वेग निघाला सेकंदाला साडेसोळा मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटर.

मी एककही लिहिलं.

गणितात कुठेही चूक नव्हती. फक्त रस्ता कोरडा नव्हता, एवढंच.

मंगला कठड्यासमोर बराच वेळ उभी होती. ओळीओळीवरून तिची नजर जात होती. मग तिनं हातातलं टोक सोडलं. मी टेप गुंडाळत राहिले आणि ते टोक रस्त्यावरून घासत माझ्याकडे येत राहिलं.

भैय्याजींना मी सहीचा कागद दिला. वामनला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. भैय्याजींनी कागद ठाण्यात दाखवला, आता लायसन्सही जाणार असं बाजारात बोललं जाऊ लागलं. साठनं गाडी पळवणारा, असं नाव पडल्यावर सौंसरात त्याच्या हाती स्टिअरिंग कोण देणार? वामन बायकोबरोबर, यमुनाबाईंबरोबर, संत्र्याच्या बागेत पेट्या उचलायला जाऊ लागला. मंगला रोज शाळेत येत होती, पहिल्या बाकावर बसत होती आणि मी प्रश्न विचारला की हात वर करत नव्हती.

आमच्या घरी दत्तूभाऊजींनी नव्या तुरीचं पोतं पाठवलं. "वहिनी, औंदा दाना लई चोख निंघाला," असा निरोपही. ती डाळ आम्ही रोज खात होतो. मी वाढायची, हे जेवायचे. हे म्हणजे माझे यजमान श्रीधर, तहसील कचेरीत कारकून. मी एकदा ताटावर बसून त्यांना सगळं सांगितलं.

"मग? पुस्तकातला आकडा तू घेतलास. तुझं काय चुकलं?" ते म्हणाले. "आता कोणाचं नाव काढू नको. दत्तूवर केस होईल. वाढ जरा वरण."

मी वरण वाढलं. मला त्या वरणाचा वास सहन होईना. पण ताटावरून उठायचं धैर्यही माझ्यात नव्हतं, म्हणून जेवले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात ते दुपारच्या जेवणालाही पडत होतं.

मार्च आला. प्रात्यक्षिकाच्या वह्या सहीसाठी जमा झाल्या. घर्षणाचा प्रयोग सगळ्यांनी नेहमीचाच लिहिला होता. फळीवर लाकडी ठोकळा ठेवायचा, दोरीनं पारडं बांधून त्यात वजनं टाकायची, आणि ठोकळा कधी सरकतो ते पाहायचं. मंगलाच्या वहीत तो होता. त्यानंतर एक पान जास्त होतं.

तिनं ठोकळ्याच्या तळाला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकला होता. फळीऐवजी रस्तादुरुस्तीत उखडलेला डांबराचा सपाट तुकडा घेतला होता. ठोकळ्याचं वजन एक किलो. कोरड्या डांबरावर तो सातशे ग्रॅमला सरकला. मग डांबरावर तुरीच्या शेंगा आणि कुटार पसरलं. आता तो अडीचशे ग्रॅमलाच सरकला. पाच वेळा वजनं घेतली होती, पाचही वेळा तेच. खाली वीस मीटरचं गणित पुन्हा मांडलं होतं, नवा आकडा घालून. उत्तर होतं ताशी पस्तीस दशांश सहा किलोमीटर. एकक होतं, तारीख होती. कोणाचं नाव नव्हतं, बापाचं नव्हतं आणि माझंही नव्हतं.

माझं डोकं भडकलं. सोळा वर्षांची पोर मला शिकवते, असं मला वाटलं. मी लाल पेनानं त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि लिहिलं, "अभ्यासक्रमाबाहेर."

दुसऱ्या दिवशी वह्या परत दिल्या. मंगलानं ते पान पाहिलं आणि वही दप्तरात ठेवली.

"काही विचारायचं आहे?" मी दरडावलं.

"नाही, बहनजी."

तिनं वाद घातला असता तर मी तिला बोलून मोकळी झाले असते. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. टेबलाच्या खणात तो टायर ठोकलेला ठोकळा होता, डांबराचा तुकडा होता, कागदाच्या पुडीत कुटार होतं. दार लावून मी तो प्रयोग केला. खरं सांगते, तो चुकावा म्हणून केला. पारड्यात दोनशे ग्रॅम टाकले, ठोकळा हलला नाही. मला बरं वाटलं. आणखी पन्नास टाकले आणि ठोकळा सरळ टेबलाच्या कडेपर्यंत घसरत गेला. पुन्हा केला, पुन्हा तेच. वर्गात ज्या पोरीला मी नजर वर करू देत नव्हते, तिनं माझ्या हातून सुटलेलं काम माझ्यापेक्षा नीट केलं होतं, आणि मी त्यावर लाल रेघ मारली होती. मला माझ्याच हाताची किळस आली.

शनिवारी दुपारी मी भैय्याजींच्या गोदामात गेले. त्यांनी संत्र्याच्या पेटीवर पोतं टाकून मला बसायला दिलं.

"भैय्याजी, त्या गणितात नजरचूक झाली," मी म्हणाले. "रस्त्यावर तुरी असतील तर वेग पस्तीसच निघतो. वामन खरं बोलत होता."

ते हसले. "पहिले साठ, आता पस्तीस! बहनजी, मंडीत संत्र्याचा भावबी एवढ्या लवकर उतरत नाही."

मी मान खाली घातली.

"मानतो मी तुमचं," ते पुढे म्हणाले. "नवा ड्रायव्हर तसाबी कामाचा नाही. पन ठाण्यात कागद दिला हाय मी. तुरी होत्या तं कोनाच्या होत्या? कोनी टाकल्या? ते नाव पायजे. नाव लिहून द्या, मी आजच वामनले ठेवतो, ठाण्यातबी जातो. कोनाच्या होत्या?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तोंडातून ते किती सहज निघालं. मीच ऐकत राहिले.

"मंग कसं व्हईन?" भैय्याजींनी हात झटकले. "असतीन तं असतीन, यावर कागद होत नाही."

मी दुरुस्तीचा कागद घरूनच लिहून आणला होता. गणित होतं, सही होती. "रस्त्यावर तुरी पसरल्या होत्या" याच्या पुढची ओळ तेवढी मी कोरी सोडली होती. तो कागद पर्समध्ये घालून मी गोदामातून निघाले. घराकडे वळायचं तर पाय वळेनात. मी वामनच्या घरी गेले.

घर एका खोलीचं, सारवलेलं. यमुनाबाई मला पाहून गडबडल्या, शेजारून खुर्ची आणवली. वामन नुकताच बागेतून आला होता, हातपाय धुऊन समोर उभा राहिला. मी बसा म्हटलं तरी बसेना. मंगला कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. सोमवारी तिचं प्रात्यक्षिक होतं.

"वामनभाऊ, माझ्या गणितात चूक होती," मी म्हणाले. "रस्त्यावर तुरी असल्याचं मी धरलं नाही."

"मले मालूम हाय जी," वामन म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "तुरी तुमच्या दत्तूभाऊच्या होत्या. मी गाडीतून निंघालो तं ते झाडू मारून राहिले होते."

"मग तुम्ही भैय्याजींना नाव का नाही सांगितलं?"

वामननं मंगलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"पोरीचं प्रॅक्टिकल तुमच्या हाती हाय ना, बहनजी."

यमुनाबाईंनी स्टोव्ह पेटवायला घेतला.

"माही गाडी गेली तं गेली," वामन म्हणाला. "हिचं साल जाऊ नोको. मी हिलेबी सांगतलं होतं, चूप राय म्हनून. पन हिनं वहीत लिवलंच. अन् तुमी त्याच्यावर रेघ मारली तं मी भेलो, आता हिचे मार्क गेले. तुमी आज त्याच्यासाठीच आल्या काय? तं हिच्या वतीनं मी माफी मांगतो."

त्यानं खरोखर हात जोडले. टाके पडलेल्या कपाळावर ते जोडलेले हात टेकले आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याचं मी हातचं काम काढून घेतलं तो माझी माफी मागत होता, आणि मी त्याच्याच घरात खुर्चीवर बसून ऐकत होते. मी उठून त्याचे हात खाली केले.

"माफी नका मागू. माझी नजरचूक झाली," मी पुन्हा तेच म्हणाले.

तेव्हा मंगला उठली. वही घेऊन ती माझ्यासमोर आली, पण वही तिनं उघडली नाही.

"बहनजी, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी टेप धरून मी वाकलो होतो, तं मले रेघ काळी नाही दिसली. फटीत कुटार दिसलं. मले वाटलं तुमाले दिसलंच असन, तुमी गुणांक बदलसान. तुमाले दिसलं नव्हतं का?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी "नाही" म्हटलं असतं तर तिनं ते मानलं असतं. बहनजींची नजर चुकली, एवढंच राहिलं असतं, आणि नजर कोणाचीही चुकते. माझी सगळी इज्जत त्या एका शब्दात वाचत होती.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "तीन दाणेही दिसले होते. आणि तुरी वळणावर पसरा हे दत्तूभाऊजींना मीच सांगितलं होतं. ब्रेकनं शेंगा चांगल्या फुटतात म्हणून."

यमुनाबाईंचा स्टोव्हवरचा हात थांबला. मंगला माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत आजवर माझ्याबद्दल जे होतं ते हळूहळू निघून जाताना मला दिसलं. तसं निघून जाताना मला आणखी कोणाच्या डोळ्यांत पुन्हा पाहावं लागू नये.

मी पर्समधून कागद काढला. कोऱ्या ओळीवर दत्तात्रयांचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं की तुरी त्या वळणावर माझ्या सांगण्यावरून पसरल्या होत्या, हे मला माहीत असताना मी पहिला कागद दिला. मग तिची वही मागून घेतली, लाल रेघेच्या खाली लिहिलं, "प्रयोग बरोबर. उत्तर बरोबर," आणि सही केली. घरी आता काय होईल, दत्तूभाऊजी काय म्हणतील, शाळेत मोठ्या बहनजी मला ठेवतील की नाही, हे सगळं डोक्यात एकदम आलं, पण हात थांबला नाही.

कागद मी वामनकडे दिला. त्यानं तो मंगलाच्या हाती दिला. तिनं तो उभ्यानंच वाचला, वरपासून खालपर्यंत, मी त्यांचे पेपर वाचते तसा. दोनदा वाचला. मग माझ्यासमोर परत धरला.

"तारीख राहिली, बहनजी."

मी तारीख टाकली.